गावकीचे वाजवणे आणि चळवळीचे वाजवणे

गेल्या पावसाळ्यात नाशिकरोडच्या आमच्या वस्तीतल्या विहारात एक बैठक झाली. विषय साधा होता. वस्तीतल्या मुलामुलींचा एक बँड उभा करायचा. ज्यांना वाजवायची आवड आहे, पण क्लासची फी परवडत नाही, घरात वाद्य नाही, शिकवणारे कोणी नाही, त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी एकत्र बसायचे, आणि येत्या १४ एप्रिलला डीजेच्या गाडीमागे नाचण्याऐवजी आपणच वाजवत मिरवणुकीत चालायचे. एकाने घरातली जुनी पेटी द्यायचे कबूल केले. ढोलकी होतीच. बेंजो वाजवणारे एक काका शिकवायला तयार झाले. वाद्यांची यादी करता करता कोणीतरी म्हणाले, "हलगी पण घेऊ." आणि बैठकीचा नूरच बदलला.

मागे बसलेले एक आजोबा उठले. वय ऐंशीच्या पुढे. "पोरांनो, बाकी काय आणायचं ते आणा. हलगी या विहारात नको. माझ्या आज्यानं गावकीचं वाजवणं सोडलं तेव्हा गावानं आमचं दाणापाणी बंद केलं होतं. बाबासाहेबांचं ऐकून सोडलं. आणि तुम्ही शिकलीसवरलेली पोरं वर्गणी काढून तेच परत आणताय?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले आहे, 'सांस्कृतिक भांडवल' वगैरे शब्द आमच्या जिभेवर असतात. त्या आजोबांपुढे ते शब्द काढायची लाज वाटली. बैठक तशीच संपली. त्यानंतर आम्ही जे वाचले, वस्तीतल्या जुन्या माणसांना जे विचारले, त्यातून हा लेख झाला आहे. प्रश्न आमच्या एकट्या वस्तीचा नाही. आज गावोगावी आपली मुले संगीताचे गट उभे करत आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी कधी ना कधी कोणीतरी ज्येष्ठ उठून हाच प्रश्न विचारणार आहे.

आधी आजोबांची बाजू नीट समजून घेऊ. बलुतेदारीच्या गावगाड्यात वाजवणे ही कला नव्हती, वेठ होती. हलगी, विदर्भात जिला डफडे म्हणतात, ती मुख्यतः मांग समाजाच्या वाट्याला आली. अनेक भागांत महारांकडेही वाजंत्रीचे काम होते. लग्नाची वरात असो, देवीची जत्रा असो, दवंडी असो की मयत, बोलावणे आले की जायचे. वाद्य आपल्या हातात होते, पण ते कधी वाजवायचे, कोणापुढे वाजवायचे आणि कुठे थांबवायचे हे गाव ठरवत होते. पालखीच्या पुढे वाजवत जाणारा माणूस देवळाच्या पायरीशी थांबायचा. पालखी आत जायची, तो बाहेर राहायचा. हलगीच्या कातड्याचा विटाळ होता, हलगीच्या आवाजाचा मात्र नव्हता. जातिव्यवस्थेने श्रम आणि श्रमिक यांची केलेली फारकत याहून स्पष्ट कुठे दिसते?

बाबासाहेबांनी या वेठीवर घाव घातला तो केवळ भाषणातून नाही. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतनदाराला चोवीस तास राबवून घेतले जाते, तो हजर नसेल तर त्याच्या घरातल्यांना जुंपले जाते, आणि मोबदला म्हणून वतनाच्या जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते, एवढेच मिळते, हे त्यांनी कायदेमंडळाला ऐकवले. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. महार वतने प्रत्यक्षात कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले, आणि तोवर बाबासाहेब हयात नव्हते. या तीस वर्षांत ज्या-ज्या माणसाने आपल्या गावात 'आजपासून वाजवणार नाही' म्हटले, त्याने कायद्याचे पाठबळ नसताना म्हटले. आजोबांच्या आज्याने टाकलेली हलगी हा संप होता. त्याची किंमत त्यांच्या घराने उपाशी राहून मोजली. हे न कळता 'आपली लोककला आपण जपली पाहिजे' असे जे लोक शहरातून येऊन सांगतात, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही.

पण इथेच इतिहासाचे दुसरे पान उलटावे लागते. ज्या वर्षांत आपली माणसे गावकीचे वाजवणे सोडत होती, नेमक्या त्याच वर्षांत आपलीच माणसे एकत्र येऊन, कोणी न बोलावता, वाजवायला लागली होती. त्याचे नाव आंबेडकरी जलसा.

जलशाची कल्पना आकाशातून पडली नाही. १८७३ला जोतिरावांनी सत्यशोधक समाज स्थापला, आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातून भटशाही आणि सावकारशाहीवर प्रहार केले. तो धागा १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उचलला. काळ कोणता होता ते ध्यानात घ्या. २ मार्च १९३०ला आमच्याच नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. १९३२ला पुणे करार, १९३५ला येवल्याची घोषणा, १९३६ला स्वतंत्र मजूर पक्ष. एकामागून एक एवढ्या मोठ्या गोष्टी घडत होत्या आणि ज्यांच्यासाठी घडत होत्या त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. 'जनता' पत्र हातात पडले तरी गावात ते वाचून दाखवणारा एखादाच. ही दरी जलशाने भरून काढली.

जलसा करणारी माणसे कोण होती? गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबणारी. पाळी संपली की चाळीच्या खोलीत तालीम. संगीत त्यांनी कुठल्या विद्यालयात शिकलेले नव्हते. भजन, तमाशा, लावणी कानावरून गेलेली, तेवढीच पुंजी. आजच्या भाषेत ते हौशी कलावंत होते. पण 'हौशी' हा शब्द आपल्याकडे जरा हलक्याने घेतला जातो, म्हणून सांगावे लागते: जलसा हा त्यांचा धंदाही नव्हता आणि बलुतेही नव्हते. बलुतेदार वाजवतो कारण त्याला नाही म्हणता येत नाही. जलसाकार वाजवत होता कारण त्याने हो म्हटले होते. वाद्ये पुष्कळशी तीच होती, ढोलकी, तुणतुणे, झांज, सोबत पेटी. बदल झाला होता तो वाजवणाऱ्याच्या जागेत.

साचाही त्यांनी जसाच्या तसा उचलला नाही. तमाशात गण, गौळण, बतावणी, वग असा क्रम. जलशात गणातला देव गेला आणि तिथे बाबासाहेबांना, समाजाला वंदन आले. गौळणीतली छेडछाड आणि शृंगार काढून टाकला. बतावणीत भट, सावकार, पाटील आणि शिकलेला तरुण समोरासमोर उभे राहू लागले. मृत मांस का सोडायचे, वतनाचा मोह का धरायचा नाही, दारूचे पैसे मुलाच्या पाटीपुस्तकाला कसे लावायचे, यावर सवाल-जवाब होत. लोक हसत आणि हसता हसता ऐकत. कर्डकांनी पुढे १९७८ला 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिले. नवीन गट उभा करणाऱ्या प्रत्येकाने ते मिळवून वाचावे.

बाबासाहेबांचे जलशाबद्दलचे मत आपल्या चळवळीत सर्वांना तोंडपाठ आहे: आपल्या दहा सभा आणि कर्डक मंडळींचा एक जलसा यांना त्यांनी एका तराजूत तोलले. हे मत आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो, पण त्याच्या शेजारी दुसरी आठवण ठेवून ते वाचत नाही. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून सत्याग्रहाला मदत देऊ केली तेव्हा बाबासाहेबांनी ती नाकारली, कारण तो पैसा आपल्या समाजातल्या स्त्रियांना नाचवून मिळवलेला होता. एकीकडे तमाशाच्या पैशाला नकार, दुसरीकडे तमाशाच्याच साच्यातून उभ्या राहिलेल्या जलशाचा एवढा गौरव. यात विसंगती आहे का? आम्हाला दिसत नाही. संगीताशी त्यांचे वैर नव्हते. उतारवयात ते स्वतः व्हायोलिन शिकत होते. कोण कोणासाठी राबते आहे आणि कोणाच्या अटीवर, हे ते पाहत होते.

१९५६च्या धर्मांतरानंतर जलसा हळूहळू मागे पडला आणि बुद्ध-भीमगीतांच्या गायन पार्ट्या पुढे आल्या. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ला जन्मलेले वामनदादा कर्डक हे या दोन युगांना जोडणारे माणूस. अंगमेहनत करत मुंबईत जगले, अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि मग हजारो गाणी लिहिली. पुढे कॅसेट आली, प्रल्हाद शिंद्यांसारखे आवाज घराघरांत पोचले, चौकाचौकांत रात्रभर सामने रंगले. यातून आपल्या कित्येक गायकांच्या घरची चूल पेटली, हे मोठेच काम झाले. फक्त एक गोष्ट त्यात निसटली. पूर्वी वस्ती वाजवत होती; आता वस्ती ऐकू लागली. स्टेज उंच झाले, मानधन आले, आणि खाली सतरंजीवर बसलेल्या पोराने ढोलकीला हात लावायचा प्रसंग कमी होत गेला. डीजेने तर ऐकण्याचीही गरज ठेवली नाही. (डीजेवर नाक मुरडणाऱ्या उच्चभ्रू सुरात आम्हाला सूर मिसळायचा नाही. गणपतीच्या डीजेवर मौन आणि जयंतीच्या डीजेवर अग्रलेख, हा दुटप्पीपणा आम्ही दरवर्षी पाहतो. आमची तक्रार आवाजाची नाही. वस्तीची वर्गणी गाडीवाल्याला जाते आणि वस्तीच्या हाती काही उरत नाही, ही आहे.)

आता जी गोष्ट लिहायची ती लिहिताना हात थोडा अडतो. पण ती टाळली तर हा लेख खोटा ठरेल.

आपण हलगी सोडली म्हणतो. खरेच सोडली का? काही वर्षांपूर्वी आमच्याच जयंतीत, डीजेला परवानगी मिळाली नाही म्हणून, शेजारच्या मातंग वस्तीतल्या पाच जणांना हलगीची सुपारी दिली. ते मिरवणुकीच्या पुढे तीन तास वाजवत चालले. आमची पोरे त्यांच्या तालावर नाचली. मिरवणूक पुतळ्याशी पोचली, वंदना झाली, भाषणे झाली, जेवणे झाली. रात्री साडेअकराला आम्ही बाहेर आलो तेव्हा ते पाच जण टेम्पोच्या मागे बसून आणलेल्या पुड्यातले खात होते. त्यांना कोणी पंगतीला बोलावलेच नव्हते. कोणी मुद्दाम टाळले नसेल. कोणाच्या लक्षातच आले नाही. पण पालखी आत गेल्यावर पायरीशी थांबणारा वाजंत्री गावाच्याही लक्षात येत नव्हता.

म्हणजे आपण हलगी सोडली आणि यजमान झालो. ज्यांनी ती सोडली नाही किंवा ज्यांना ती सोडणे परवडले नाही, त्यांच्याकडून ती वाजवून घेऊ लागलो. बाबासाहेबांनी वतन सोडायला सांगितले होते. वतनदार दुसरा नेमायला सांगितले नव्हते.

वाटेगावच्या मातंग घरात जन्मलेल्या अण्णाभाऊंनी १९४४ला अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढले. १९५९ची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ती अर्पणपत्रिका आपण आपल्या पोस्टरवर छापतो आणि त्यांच्या वस्तीतल्या वाजवणाऱ्याला टेम्पोमागे बसवतो. १ ऑगस्ट २०२४ला, नेमक्या अण्णाभाऊंच्या जयंतीच्या दिवशी, अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल आला. तेव्हापासून दोन वस्त्यांमधले बोलणे आणखीच तुटले आहे. त्या निकालावरची आमची मते वेगळी आहेत, त्यावर स्वतंत्र लिहू. पण 'आपली एकी तोडण्याचा डाव आहे' असे म्हणताना, एकी जेवणाच्या पंगतीपर्यंत तरी पोचली होती का, हे स्वतःला विचारावे लागते.

आणि याच काळात शहरात दुसरीकडे काय झाले ते पाहा. ढोल-ताशा पथके उभी राहिली. आयटीतली, कॉलेजातली, सवर्ण घरांतली मुलेमुली महिनोन्‌महिने नदीकाठी सराव करतात, कंबरेला ढोल बांधतात, वर्गणी भरून वाजवतात. त्याला 'संस्कृती' म्हणतात. मेहनत खरी आहे, आम्ही नाकारत नाही. पण ढोलाचेही कातडेच असते. त्यांच्या हातात आल्यावर त्याचा विटाळ कुठे गेला? ज्याला वाजवण्याची सक्ती कधीच नव्हती तो वाजवतो तेव्हा तो छंद ठरतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाजवणारा मात्र सुपारीवाला राहतो.

या पेचातून जाणारे आपण एकटे नाही. तमिळनाडूत परई नावाचे वाद्य आहे, हलगीची सख्खी बहीणच. एका जातीचे नावच त्या वाद्यावरून पडले. तिथल्या दलित चळवळीतही दोन बाजू झाल्या. काहींनी मयतीला परई वाजवायला नकार दिला आणि त्यासाठी मार खाल्ला. काहींनी तीच परई मोर्चाच्या पुढे आणली. दोन्ही बाजूंना आपण चूक म्हणू शकत नाही. ६ जानेवारी २०१८ला चेन्नईत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड पहिल्यांदा लोकांपुढे आला. पा. रंजित आणि संगीतकार तेनमा यांनी एकोणीस जणांना एकत्र केले होते. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांमधले, जिथे मयतीला गायिले जायचे ते गाना संगीत, सोबत परई, आणि त्याच्या शेजारी गिटार आणि ड्रम. 'जातविरहित' हे नाव त्यांनी घेतले ते अयोतीदास पंडितांच्या विचारातून. बाबासाहेबांच्या दीक्षेच्या अर्धे शतक आधी तमिळ प्रदेशात बौद्ध धम्माची चळवळ उभारणारे हे अयोतीदास. आमच्या पोरांनी त्यांचे व्हिडिओ पाहिले तेव्हा पहिला प्रश्न आला, "यातली परई वाजवणारे कोण आणि गिटारवाले कोण, ते सांगता येत नाही की." आम्हाला हा प्रश्न फार मोलाचा वाटला.

त्या एकोणीस जणांत सुरुवातीला बाई एकच होती, इसैवाणी. आपला इतिहासही याबाबतीत फार अभिमानाचा नाही. जलशात स्त्रीपात्रे पुरुषच करत. बायांचे गाणे जात्यावर राहिले. संशोधकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा मोठा साठा आहे. म्हणजे बायका गात होत्याच, त्यांना स्टेज नव्हते. आमच्या बँडच्या पहिल्या तीन तालमींना एकही मुलगी आली नाही. कारण शोधले तर अगदी साधे निघाले: आम्ही वेळ रात्री नऊची ठेवली होती, पोरांच्या सोयीची. ती संध्याकाळी सहाची केली. आता सोळा जणांत सात मुली आहेत.

हलगीचे काय झाले ते सांगायचे राहिले. आम्ही मातंग वस्तीत गेलो, सुपारी द्यायला नाही, शिकायला. त्या पाच जणांपैकी एक काका पहिल्यांदा हसले. "तुम्ही लोक हलगी शिकणार? कशाला, आम्ही मेलो काय?" टेम्पोमागचा तो प्रसंग आम्ही त्यांना सांगितला, माफी मागितली. ते म्हणाले, आम्हाला काय नवीन हाय का त्यात. पण रविवारी आले. त्यांचा पुतण्याही आता बँडमध्ये आहे, आणि तो पेटी शिकतो आहे, हलगी नाही. हलगी आमच्या दोन मुली आणि एक मुलगा शिकतो. कोणत्या वस्तीच्या मुलाने कोणते वाद्य घ्यायचे हे ठरवायचे नाही, एवढा एकच नियम आम्ही लिहून भिंतीवर लावला आहे.

भांडणे आहेतच. सर्वात मोठे भांडण पैशाचे. बँडमधल्या चार-पाच पोरांना काम नाही. लग्नाच्या दोन सुपाऱ्या चालून आल्या, त्या घ्याव्यात असे त्यांचे म्हणणे. जलसा हा धंदा नव्हता, हे त्यांना ऐकवणे आम्हाला सोपे आहे, कारण आमचा पगार महिन्याला येतो. काहींचे म्हणणे, घ्यायची तर मिळालेले पैसे सगळ्यांत सारखे वाटायचे आणि पंगतीला बसवणार असतील तरच जायचे. अजून ठरलेले नाही.

आजोबा अजूनही हलगीकडे पाहत नाहीत. पण तालमीला येतात, दाराशी खुर्ची टाकून बसतात. मागच्या महिन्यात त्यांनी सांगितले की त्यांच्या लहानपणी गावच्या वस्तीत जलसा आला होता आणि त्यांच्या वडिलांनी डोक्यावर गॅसबत्ती धरून मंडळींना शिवेपासून आत आणले होते. त्यातल्या एका पदाची चाल त्यांना आठवते, शब्द मात्र नाहीत. ती चाल त्यांनी गुणगुणली, बेंजोवाल्या काकांनी पेटीवर पकडली, धृपद बरोबर बसले, पण अंतऱ्यात गाडी घसरते. आजोबा म्हणतात, तिथे झांजेचा एक ठेका होता, तो तुम्ही चुकवताय. त्यांची धाकटी बहीण सिन्नरला असते, तिला शब्दही आठवत असतील. येत्या रविवारी दोघे जण मोबाईलवर रेकॉर्ड करायला तिच्याकडे जाणार आहेत.